फिजिओच्या देखरेखीखाली ग्रुप व्यायामाची बॅच लावावी का? (वय ५६, शुगर, गुडघेदुखी)

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरची, वय ५६. शुगर आहे बऱ्याच वर्षांपासून, गोळ्या चालू आहेत (ग्लिमेपिराईड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली), बीपीची एक गोळी, आणि आता दोन वर्षं झाली उजव्या गुडघ्याने छळलंय. एक्सरेत गॅप कमी झालाय म्हणाले, पण ऑपरेशनचं एवढ्यात नाही, हालचाल वाढवा आणि मांड्यांचे स्नायू बळकट करा असं ऑर्थोवाल्या डॉक्टरांनी सांगितलं. शुगरच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलंय, तेही दर वेळी.

आता आमच्या भागात एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी हॉल भाड्याने घेऊन बॅच चालू केलीय, आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, संध्याकाळी पाचला, एक तास. दहा-बाराच लोक घेतात म्हणे, बायका पुरुष एकत्र. महिन्याला १५०० रुपये. शेजारच्या वहिनी जातात, त्या सारख्या चल चल म्हणतायत.

माझे प्रश्न असे की, एक तर मी दिवसभर घरात कामच करत असते, धुणं-भांडी, झाडलोट, स्वयंपाक, मग वेगळा व्यायाम लागतोच का? दुसरं म्हणजे आमचे मिस्टर (एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर) म्हणतात की रंकाळ्याला चक्कर मारायला पैसे पडत नाहीत, मग १५०० कशाला. पण मला पूर्ण चक्कर होत नाही, अर्ध्यातच गुडघा बोलायला लागतो आणि मग दोन दिवस बाहेरच पडावंसं वाटत नाही. आणि तिसरं, खरं सांगायचं तर भीती वाटते. आयुष्यात कधी व्यायाम केलेला नाही. या गावात गल्लोगल्ली तालमी, भाऊ लहानपणापासून तालमीत जायचे, पण आम्हा मुलींना कोणी कधी विचारलं नाही. आता या वयात चार लोकांसमोर हातपाय हलवायचे, खाली बसले तर उठता येईल का, सगळे बघत राहतील का, असं मनात येतं.

कोणी अशी बॅच लावली असेल तर अनुभव सांगा. जायच्या आधी तिथं काय काय विचारायचं तेही सांगा.

सांगलीची_माई

अगं लाव लाव, बिनधास्त लाव. मी ६२ ची आहे आणि सांगलीत अशाच एका बॅचला जाते, मला पण गुडघ्यांचाच त्रास, शुगर मात्र नाही.

तुझी भीती मला पुरेपूर कळतेय कारण पहिल्या दिवशी दारातनं आत जातानाच माझे पाय जड झालेले. पण आत गेल्यावर कोणी बघत बिघत नाही बघ, प्रत्येकाला आपापला तोल सांभाळायचा असतो! आमच्यात एक आजी आहेत, पंच्याहत्तरीच्या पुढच्या, नऊवारी नेसतात, त्या सुरुवातीला एका पायावर उभं राहायला सांगितलं की खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी इतकी घट्ट धरायच्या की बोटं पांढरी पडायची. आमच्या फिजिओ ताई त्यांच्या मागे उभ्या राहायच्या, हात न लावता, फक्त दोन्ही बाजूंना हात धरून. मग दोन हातांचा एक हात झाला, मग नुसती दोन बोटं टेकवलेली, आणि आता खुर्ची समोर असते पण आजी धरत नाहीत. हे घरी एकटीनं झालं नसतं, मागे कोणी उभं नसेल तर माणूस हात सोडतच नाही.

आणि पहिल्याच दिवशी आमचं मोजमाप घेतलं. साधं असतं, खुर्चीत बसायचं, हात छातीवर घडी घालून, आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजतात. माझ्या वयाच्या बाईला बाराच्या आत आलं तर कमी धरतात, मी त्याच्या आतच होते. ते वहीत लिहून ठेवतात आणि दर काही आठवड्यांनी परत घेतात. मला सगळ्यात हुरूप येतो तो त्या वहीमुळे. वजन काही फार हललं नाही माझं, पण कमोडवरून उठताना कडीला लटकायला लागायचं ते बंद झालं, आणि बसची पायरी आता मी उजव्या पायाने पण चढते.

खाली बसायचं टेन्शन घेऊ नको, आमच्याकडे निम्मं खुर्चीवरच असतं. आणि घरकामाचं म्हणशील तर बाई मी पण जन्मभर तेच केलंय, पण घरकामात वाकणं आणि उभं राहणंच जास्त, मांड्यांना ताकद त्याने येत नाही, उलट संध्याकाळी कंबर धरते.

निवृत्त_कंडक्टर

ताई, तुमचे मिस्टर एसटीचे म्हणून मुद्दाम लिहितोय, मी पण एसटीचाच, कंडक्टर होतो. त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. लंडनमध्ये जेरी मॉरिस म्हणून डॉक्टर होते, त्यांनी तिथल्या बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टर लोकांचा अभ्यास केला, १९५३ साली तो लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आला. तिथल्या डबलडेकर बस, कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली करणार आणि ड्रायव्हर बसून. तर हार्टचा त्रास कंडक्टर लोकांत कमी निघाला, आणि झाला तरी ड्रायव्हर लोकांपेक्षा उशिरा आणि सौम्य. पुढं त्याच डॉक्टरांनी दोघांच्या युनिफॉर्मच्या कमरेची मापं तपासली तेव्हा असंही दिसलं की ड्रायव्हर लोक नोकरीला लागतानाच थोडे जाड असायचे, म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही, तरी पण बसून राहणं वाईट या विचाराला खरी सुरुवात तिथनं झाली. आमच्या डेपोत पण बघितलंय, ड्रायव्हर मंडळींची पाठ, पोट आणि शुगर हे ठरलेलं. त्यामुळे मिस्टरांनी तुम्हाला सल्ला देण्यापेक्षा तुमच्यासोबत यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

बॅचबद्दल मात्र माझं जरा वेगळं आहे. मी रोज पहाटे चालतो, आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे, एक जण आला नाही तर दुसरा फोन करतो, एक पैसा खर्च नाही. पेन्शनीत भागवणाऱ्या माणसाला महिना १५०० म्हणजे लहान रक्कम नाही. ज्याचे गुडघे ठणठणीत आहेत त्याने चालावं, बॅच कशाला? तुमचा गुडघा दुखतोय आणि शुगर पण आहे म्हणून तुमच्या बाबतीत मी दोन-तीन महिने लावा म्हणेन, एकदा शिकून घ्या, मग घरी करा.

फिजिओ_मिरज

मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, अशा बॅच घेते, तेव्हा जरा सविस्तर लिहिते, घाईत टाईप करतेय तर चुका पोटात घाला.

आधी घरकामाचं. घरकाम वाया जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये, सलग दहा मिनिटं केलं तरच मोजायचं ही जुनी अट काढून टाकलीय, म्हणजे जोर लावून केलेली झाडलोट, फरशी पुसणं, सगळं जमेस धरायचं. पण त्याच सूचनांमध्ये दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्यात. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल, आणि त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम. पासष्टीनंतर तोल सांभाळायचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. मध्यम म्हणजे काय तर चालता चालता बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही इतपत दम लागला पाहिजे. आता भांडी घासताना आपण सहज गाणं म्हणतो ना, म्हणजे तो मध्यम नाही. कंडक्टर काकांना पण हेच सांगते, काका तुमचं चालणं उत्तम आहे, अजिबात सोडू नका, पण नुसत्या चालण्याने मांडी-नितंबाची ताकद आणि तोल हवा तेवढा वाढत नाही, आणि म्हातारपणी माणूस पडतो तो तिथंच.

ताई, तुमच्या गुडघ्याबद्दल. गॅप कमी झालाय ऐकून बऱ्याच बायका गुडघा वापरायचाच बंद करतात, आणि मग मांडीचा पुढचा स्नायू आणखी बारीक होतो, सगळा भार सांध्यावर येतो, दुखणं वाढतं, आणि परत वापर कमी. तुमचं अर्धी चक्कर आणि मग दोन दिवस घरी हे त्यातलंच आहे. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून ग्लॅड नावाचा कार्यक्रम चालतो, खास गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी, आधी दोन-तीन वेळा समजावून सांगतात आणि मग फिजिओच्या नजरेखाली ग्रुपमध्ये बारा वेळा व्यायाम, आठवड्यातून दोनदा. आता बऱ्याच देशांत पसरलाय. त्यांचा दुखण्याचा नियम मी माझ्या बॅचला पण शिकवते: शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे असह्य, असं धरलं तर व्यायाम करताना पाचपर्यंत दुखलं तरी चालतं, पण चोवीस तासांच्या आत ते परत आधीच्या पातळीला आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या वेळी व्यायाम कमी करायचा, बंद नाही करायचा. हा बंद आणि कमी मधला फरक कळायलाच देखरेख लागते, म्हणून सांगते की पैसे चालण्याचे नाहीत, कोणीतरी तुमच्याकडे बघून आज व्यायामाचं वजन वाढवायचं का घटवायचं हे ठरवतं, त्याचे आहेत.

आणि एक दिवसाआड बॅच आहे हे शुगरसाठी छानच. व्यायामाचा शुगरवरचा असर साधारण एखादा दिवस टिकतो, म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा पडू देऊ नये असं म्हणतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ग्लिमेपिराईड. या गोळीने शुगर एकदम खाली जाऊ शकते, व्यायाम केल्यावर जास्तच. बॅच चालू करायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना वेळेसकट सांगा, ते डोस किंवा वेळ बदलायची का ते बघतील, आपल्या मनाने गोळी सोडू नका. ग्लुकोमीटर असेल तर निघायच्या आधी बघा, शंभरच्या खाली असेल तर काहीतरी खाऊन या. हात थरथरणं, घाम, एकदम भूक, डोळ्यापुढे अंधारी, असं काही झालं तर लगेच थांबायचं, तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी परत मोजायची, ७० च्या खालीच असेल तर परत तेवढीच. पिशवीत साखर किंवा ग्लुकोजची पुडी कायम असू दे, आणि मॅडमना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. डोळ्यांचा पडदा तपासून वर्ष झालं असेल तर आधी तपासून घ्या, पडद्याला त्रास असेल तर जोर लावायचे काही व्यायाम टाळावे लागतात. आणि रोज रात्री तळपाय बघा, पायाची संवेदना कमी झालेली असली तर फोड आलेला कळत नाही.

विचारायचं काय? बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झालेत का आणि महाराष्ट्राच्या फिजिओथेरपी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे का, हे विचारायला लाजू नका, आम्हाला राग येत नाही. सुरू करायच्या आधी प्रत्येकाची वेगळी तपासणी करतात का. गोळ्यांची यादी लिहून घेतात का. हॉलमध्ये बीपीचं मशीन आहे का. कोणाला चक्कर आली तर काय करतात. आणि एकच व्यायाम सगळ्यांना सारखा देतात का माणसागणिक बदलतात, हे एक दिवस नुसतं बाजूला बसून बघा. तुम्ही दारातून आत गेल्या गेल्या कोणी काही न विचारता रांगेत उभं केलं तर परत या.

बाबांची_लेक

वरचं शेवटचं वाक्य अगदी खरंय. माझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी झाली, त्यानंतर आम्ही घराजवळ म्हणून एका ठिकाणी घातलं, तिथं ट्रेनरने काही न विचारता घड्याळ लावून नाडी इतकी झाली पाहिजे म्हणून पळवायला सुरुवात केली. आता बाबांना मेटोप्रोलॉल चालू, त्या गोळीने नाडी वाढतच नाही, त्यामुळे आकडा येत नाही म्हणून तो आणखी पळवायचा. नशीब बाबा घरी येऊन बोलले. मग कार्डिओलॉजिस्टनीच हॉस्पिटलच्या कार्डिअ‍ॅक रिहॅबला, म्हणजे हार्टच्या पेशंटसाठीच्या देखरेखीखालच्या व्यायामाला पाठवलं. तिथं आधी सहा मिनिटांत किती अंतर चालतात ते मोजलं, आणि नाडीच्या आकड्यापेक्षा तुम्हाला किती दम लागतोय ते आकड्यात सांगा असं शिकवलं, भिंतीवर तक्ताच होता.

ताईंची बीपीची गोळी कुठली आहे माहीत नाही, पण तीही सांगून ठेवा.

आणखी एक, बाबांना ऑपरेशननंतर घरात जिना चढायची पण भीती वाटायची, आई तर त्यांना पाण्याचा तांब्या उचलू देईना. रिहॅबमध्ये आपल्यासारखेच टाके, स्टेंटवाले आणखी सहा जण सायकल मारतायत हे बघून जी भीती गेली ती आमच्या कोणाच्या सांगण्याने गेली नव्हती. आईला पण एक दिवस बसायला बोलावलं होतं त्यांनी, ते फार बरं केलं.

लेस्टरकर

मी मूळची इचलकरंजीची, गेली बरीच वर्षं इंग्लंडमध्ये. इथे जीपी म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर गोळ्यांसारखाच व्यायामाला पण लिहून देऊ शकतो, कौन्सिलच्या (म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या) व्यायाम-खेळाच्या सेंटरमध्ये साधारण बारा आठवडे, त्यासाठी वेगळं शिक्षण घेतलेला इन्स्ट्रक्टर असतो. माझ्या सासूबाईंना असंच पाठवलं होतं. बारा आठवडे अगदी नेमाने गेल्या, पंजाबी ड्रेस आणि स्पोर्ट्स शूज घालून. अडचण आली ती तेराव्या आठवड्याला. कार्यक्रम संपला, बस पकडायचं कारण संपलं आणि त्या परत सोफ्यावर. मग त्याच ग्रुपमधल्या दोघी गुजराती बायकांनी मंदिराच्या हॉलमध्ये आपापलं चालू केलं तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

म्हणून कंडक्टर काकांच्या 'शिकून घ्या आणि मग घरी करा' याला माझा थोडा विरोध आहे. घरी करायचा बेत बहुतेकांचा मोडतो. पहिल्या दिवसापासूनच मॅडमना विचारा की सहा महिन्यांनी मी कुठे असेन, याच बॅचला की आठवड्यातून एकदा येऊन बाकी घरी. आणि शेजारच्या वहिनींना सोडू नका!

निवृत्त_कंडक्टर

लेस्टरच्या ताईंचं पटलं. आमचं चालणं पण टिकलंय ते त्या फोनमुळेच, एकटा असतो तर पावसाळ्यात बंद पडलं असतं. घरी करायचं तर जोडीदार धरून करा असं म्हणतो.

रंकाळाकाठ

बापरे, एवढं सगळ्यांनी मनापासून लिहिलंत, दोनदा वाचलं आणि मिस्टरांना पण वाचून दाखवलं. एसटीचं ऐकून त्यांनी पेपर खाली ठेवला, मग म्हणाले त्या मॅडमना विचार पुरुषांना जागा आहे का.

अजून दोन शंका आहेत. माझे सोमवार असतात, श्रावणात तर सगळेच, आणि दोन्ही एकादशी. बॅच सोमवार बुधवार शुक्रवार आहे. उपास असताना जाऊ का? आणि मी साडीच नेसते, ड्रेस घालायची सवय नाही, चालेल का?

फिजिओ_मिरज

उपासाचं बरं झालं विचारलंत. तुमच्या गोळीवर निरंकार उपास आणि संध्याकाळी पाचला व्यायाम, हे दोन्ही एकत्र नको. सोमवार सोडणार का धरणार हा तुमचा प्रश्न, पण उपासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची हे डॉक्टरांना आधी विचाराच, व्यायाम असो नसो. दुपारी खाल्लेलं असेल, निघताना शुगर बघितलेली असेल आणि ठीक असेल तर या, त्या दिवशी हलकं करून घेतील. आणि खाल्लं म्हणजे नुसती साबुदाण्याची खिचडी नको, त्याने शुगर आधी भरपूर चढते. वरीचा भात थोडाच, त्याबरोबर शेंगदाण्याची आमटी, दही, असं काहीतरी असू दे. शंका वाटली तर सोमवारी फक्त जाऊन बसा आणि मंगळवारी घरी करा, मॅडम तसं बदलून देतील.

साडी चालते, पण पायात येणार नाही अशी, जरा वर नेसून पिनअप करून. पाऊल आणि गुडघा मॅडमना दिसला पाहिजे, नाहीतर गुडघा आत वळतोय का ते कळत नाही. बऱ्याच जणी हॉलवर येऊन साडीच्या आत लेगिन घालतात आणि व्यायामापुरती साडी बाजूला ठेवून वर कुर्ता चढवतात.

आणि एक गोष्ट राहिलीच, मिस्टरांना वाचून दाखवलंत तर हेही दाखवा. अमेरिकेत सत्तर ते एकोणनव्वद वयाच्या १६३५ लोकांवर मोठा अभ्यास झाला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, लाईफ स्टडी म्हणतात त्याला. सगळे बैठे लोक. निम्म्यांना देखरेखीखाली चालणं, ताकद आणि तोलाचे व्यायाम, आठवड्यातून दोनदा सेंटरवर आणि बाकी घरी, आणि निम्म्यांना फक्त आरोग्यावरची व्याख्यानं. अडीच वर्षांच्या पुढे मोजलं तेव्हा चारशे मीटर चालणंच जमेनासं होण्याचं प्रमाण व्यायामवाल्यांत १८ टक्क्यांनी कमी होतं. सत्तरीत सुरू करून सुद्धा. तुम्ही तर ५६ च्या आहात.

रंकाळाकाठ

उद्या डॉक्टरांना फोन करते गोळीचं विचारायला, आणि शुक्रवारी आधी बाजूला बसून बघते मग तपासणीला नाव देते, दोघांचं. बूट कुठले घ्यायचे तेवढं सांगा कोणीतरी, माझ्याकडे चपलाच आहेत.

सांगलीची_माई

महागाचे नको घेऊ. पुढे बोटांना मोकळी जागा हवी आणि मागची टाच घट्ट, हाताने दाबली तर चेपणारी नको. लेस किंवा वेलक्रोचे घे, नुसते पाय सरकवायचे नको. संध्याकाळी जा दुकानात, दिवसभराने पाय जरा सुजलेले असतात, आणि घालशील ते मोजे सोबत ने. शुगरवाल्यांनी नवीन बूट एकदम तासभर घालायचे नाहीत असं आमच्या ताई सांगतात, आधी दोन-चार दिवस घरातच थोडा थोडा वेळ, आणि काढल्यावर पाय बघायचे कुठं लाल झालंय का. आत हात घालून खडा बिडा नाही ना तेही रोज.

आणि तपासणीत खुर्चीचा आकडा काय आला ते इथं येऊन सांग गं.